प्रश्न कथेचा, मौन नियमांचे

गेल्या दिवाळीच्या सुटीत नातू इंदूरला आमच्याकडे आला, तेव्हा मामेभावाने दिलेले दोन पडद्यांचे एक जुने खेळयंत्र त्याच्याजवळ होते. दुपारची जेवणे आटोपून मी जरा आडवा झालो होतो. तो उशाशी येऊन बसला आणि म्हणाला, "आजोबा, मी त्याला सोडून दिलं. पण काहीच झालं नाही." कोणाला सोडले, कोठे सोडले, हे समजून घेण्यात माझी ती दुपार गेली, आणि जे समजले ते पडताळून पाहण्यात सुटीतल्या उरलेल्या दुपारी व नंतरचे काही महिने गेले. प्रस्तुत लेख हे त्याचेच फलित होय.

वाङ्मयाला वाहिलेल्या या पत्रिकेत मुलांच्या यांत्रिक खेळावर लेख कशासाठी, असा प्रश्न जुन्या वाचकांच्या मनात येईल व तो रास्तही आहे. त्याचे उत्तर आपल्याच परंपरेतल्या एका वस्तूवरून देता येईल. परंपरेने ज्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडला जातो तो मोक्षपट आठवावा. त्या पटावर शिडीला सद्गुणाचे आणि सापाला दुर्गुणाचे नाव असे. क्रोधाच्या घरात पाऊल पडले की सोंगटी घसरे, दयेच्या घरात पडले की वर चढे. निराळा उपदेश करण्याची गरज नव्हती. सोंगटीची गती हाच उपदेश होता. पुढे या पटाची सापशिडी झाली, नावे पुसली गेली, साप आणि शिड्या तेवढ्या उरल्या. तरीही एक सूत्र आपल्या हाती राहिले : खेळाला जे म्हणायचे असते ते त्याच्या नियमांत असते.

कथा-कादंबरीच्या समीक्षेत आपण आशय आणि अभिव्यक्ती यांच्या एकजीवतेची चर्चा करतो. आजच्या संगणकीय खेळांत त्या जागी कथा आणि नियम अशी जोडी येते. कथा पात्रांच्या तोंडून बोलते. नियम खेळणाऱ्याच्या हाताला वळण लावतात. दोहोंचे म्हणणे एक असेल तर तो खेळ मनात खोल उतरतो. ते वेगळे असेल तर खेळणारा नियमांवरच विश्वास ठेवतो, कारण कथेचा प्रसंग दोन मिनिटांत संपतो आणि नियमांचा सहवास तासन्‌तास चालतो. ज्या खेळाविषयी येथे लिहीत आहे त्याच्या कथेने एक थोर प्रश्न विचारला, आणि नियमांनी त्याकडे पाठ फिरवली. त्या हुकलेल्या संधीचा हा विचार आहे.

खेळ पोकेमॉन मालिकेतला. २००३ च्या सुमारास याच नावाची चित्रमालिका आपल्याकडील दूरचित्रवाणीवर दिसू लागली आणि चिप्सच्या पाकिटांतून निघणाऱ्या रंगीत चकत्या गोळा करण्याचे वेड मुलांना लागले, हे अनेक घरांतील पालकांना आठवत असेल. मूळ खेळ त्याहून जुना. १९६५ साली जन्मलेले सातोशी ताजिरी टोकियोलगतच्या माचिदा भागात वाढले. त्यांना लहानपणी किडे-भुंगे गोळा करण्याचा नाद होता. शेते आणि तळी बुजून इमारती उभ्या राहिल्या, तसे ते किडेही दिसेनासे झाले. शहरातल्या मुलांना तो आनंद पुन्हा मिळावा या इच्छेतून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जो खेळ रचला, त्याच्या 'रेड' व 'ग्रीन' या दोन आवृत्त्या २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये निघाल्या. एकूण १५१ काल्पनिक जीव. त्यांतील काही एका आवृत्तीत नाहीत, काही दुसरीत नाहीत. संग्रह पुरा करायचा तर दोन मुलांनी आपली यंत्रे तारेने जोडून देवाणघेवाण केली पाहिजे. एका कल्पनेचा नियम कसा होतो, याचे हे सुंदर उदाहरण आहे. मैत्री करावी असा उपदेश कोठेही नाही. मैत्रीवाचून खेळ अपुरा राहतो, एवढेच.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याची रीत थोडक्यात सांगतो. आपण गावोगाव फिरणारा एक तरुण प्रशिक्षक असतो. उंच गवतात चालताना वन्य जीव समोर येतो. आपल्याजवळच्या जीवाकडून त्याच्याशी झुंज द्यायची, तो थकला की एक चेंडू फेकायचा. जीव चेंडूत सामावला की आपला झाला. सहा जीव बरोबर ठेवता येतात. बाकीचे संगणकाच्या पेटीत साठवले जातात. झुंजी जिंकल्या की अनुभवाचे गुण मिळतात, जीव बलवान होतो. आठ ठिकाणच्या आठ गुरूंना हरवून अखेर सर्वश्रेष्ठ प्रशिक्षकाला हरवायचे.

या रचनेच्या पोटात एक अस्वस्थ करणारा प्रश्न पहिल्या दिवसापासून दडलेला होता. स्वच्छंद जीवाला मारून-थकवून चेंडूत कोंडायचे आणि मग तो आपला मित्र म्हणायचा, हे कसे? प्रौढांनी तो थट्टेने विचारला, मुलांनी कदाचित मनातल्या मनात विचारला. १८ सप्टेंबर २०१० रोजी जपानमध्ये निघालेल्या 'ब्लॅक' आणि 'व्हाइट' या आवृत्त्यांत खुद्द रचनाकारांनीच तो उघडपणे विचारला. हे धैर्य असामान्य होते. ज्या खेळाचा पायाच पकडण्यावर उभा आहे, त्याने पकडणे न्याय्य आहे काय असे आपल्याच प्रेक्षकांना विचारावे, हे लहानसहान नाही. त्याच आवृत्त्यांत कथा संपेपर्यंत जुना एकही ओळखीचा जीव वन्य अवस्थेत भेटू न देता १५६ नवे जीव समोर आणले गेले. दिग्दर्शक जुनिची मासुदा आणि त्यांची मंडळी जुन्या पुण्याईवर विसंबून राहण्यास तयार नव्हती, याची ही साक्ष आहे.

कथा न्यूयॉर्कच्या परिसरावर बेतलेल्या युनोव्हा नावाच्या प्रदेशात घडते. प्रवासाच्या आरंभीच एका छोट्या गावाच्या चौकात झगा घातलेला गेट्सिस नावाचा गृहस्थ भाषण करतो. हे जीव आपले मित्र आहेत असे आपण समजतो, पण त्यांनाही तसेच वाटते कशावरून? त्यांना मुक्त करा, असे त्याच्या भाषणाचे सार. त्याच गर्दीत एन नावाचा हिरव्या केसांचा तरुण भेटतो. त्याला या जीवांची वाणी ऐकू येते. माणसांनी दुखावलेल्या जीवांमध्येच तो लहानाचा मोठा झाला आहे. त्याला सर्व जीव मुक्त झालेले हवे आहेत, आणि त्याच्या मनात कपट नाही. अशा खेळांत विरोधी पात्र सहसा लोभी किंवा वेडे असते. येथे ते प्रामाणिक आहे, आणि कदाचित त्याचेच बरोबर असेल ही शंका बराच काळ पाठ सोडत नाही.

माझ्या नातवाने हे भाषण ऐकले. त्या आधीच्या वाटेवरच त्याने लिलिपप जातीचे कुत्र्याचे एक पिल्लू पकडले होते. भाषण संपल्यावर तो जवळच्या शुश्रूषाकेंद्रात गेला, संगणक उघडला आणि त्या पिल्लाला मुक्त केले. निरोपाची एक ओळ पडद्यावर आली आणि पिल्लू नाहीसे झाले. मग त्याने मागे जाऊन त्याच गवतात बराच वेळ शोध घेतला. त्या जातीची पिल्ले पुष्कळ भेटली, पण त्याचे कोणते हे सांगणारी खूण कोठेही नव्हती. असणे शक्यही नव्हते, कारण मुक्त केलेला जीव यंत्राच्या स्मृतीतून केवळ पुसला जातो. तो गवतात परत जात नाही. चौकात भाषण करणाऱ्यांपैकी कोणी त्याला शाबासकी दिली नाही. पुढे एन भेटला तेव्हा त्यालाही या कृत्याची वार्ता नव्हती. कथेने 'मुक्त करा' म्हटले, मुलाने मुक्त केले, आणि नियमांनी त्या शब्दाचा अर्थ 'जागा रिकामी करणे' असा लावला. ही पहिली हुकलेली संधी.

दुसरी याहून सूक्ष्म आहे. या खेळात ऑडिनो नावाचा एक गुलाबी, सौम्य जीव आहे. कानांपासून लोंबणाऱ्या तंतूंनी दुसऱ्याला स्पर्श केला की हृदयाच्या ठोक्यांवरून त्याची मनःस्थिती ओळखणारा, असे त्याचे वर्णन खेळातच दिले आहे. एनच्या खालोखाल दुसऱ्याचे अंतःकरण ऐकू शकणारा म्हणावा, असा हा प्राणी. आता नियम पाहा. गवत सळसळले की तेथे बहुधा ऑडिनो असतो, आणि त्याला हरवले की अन्य सामान्य जीवांच्या मानाने पुष्कळ अधिक अनुभवगुण मिळतात. परिणाम उघड आहे. आपले जीव लवकर बलवान करू पाहणारा प्रत्येक खेळाडू सळसळणाऱ्या गवताकडे धावतो, आणि सर्वांत अधिक मार खातो तो हा ऐकणारा जीव. कथा म्हणते त्यांचे ऐका. नियम म्हणतात जो ऐकतो त्याला गाठा. रचनाकारांना हा विरोध हेतुतः दाखवायचा असता तर ती केवढी भेदक योजना ठरली असती! पण कथेत त्याचा कोठेही उच्चार नाही. एन भेटतो तेव्हा आपण किती ऑडिनोंना लोळवले हे तो विचारत नाही.

आरंभीच्या भागातच एक प्रसंग आहे. मुन्ना नावाच्या जीवाकडून (आपल्याकडील लाडक्या नावाशी त्याचा काही संबंध नसावा) स्वप्नांचे धुके मिळवण्यासाठी गेट्सिसचे अनुयायी त्याला लाथा मारतात. जीवमुक्तीच्या घोषणा देणारेच जीवाला लाथ मारताना पाहून त्यांचा दांभिकपणा कळतो. ठीक. पण आपणही एका संशोधिकेच्या सांगण्यावरून तेच धुके आणायला तेथे गेलेलो असतो. हेतू निराळे, साधने निराळी, हे मान्य; तरी त्या जीवाच्या बाजूने दोन्ही पक्षांकडे पाहण्याची जी संधी तेथे आयती आली होती ती लगेच निसटते. दुष्ट पळून जातात, धुके मिळते, पुढचा मार्ग मोकळा होतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. माझ्या मते या खेळाच्या यशापयशाचे मर्म एकाच वाक्यात आहे. सर्व झुंजी संपल्यावर, निरोप घेताना एन नायकाला सांगतो की पहिल्या भेटीतच तुझ्या जीवाची वाणी ऐकून मी हादरलो, कारण तू त्याला आवडतोस आणि तुझ्याबरोबर राहावे असे त्याला वाटते, असे तो म्हणत होता. मुक्तीच्या वादाचा निकाल या साक्षीवर लागतो. जीवांना विचारले पाहिजे, ही एनची मागणी. आणि जीवाने उत्तर दिलेले आहे.

ही साक्ष खरी आहे का, हे तपासण्याचे साधन त्याच यंत्रात आहे, ही यातील विलक्षण गोष्ट. १९९९ च्या 'गोल्ड' व 'सिल्व्हर' या आवृत्त्यांपासून प्रत्येक जीवाच्या मनात आपल्याविषयी किती स्नेह आहे याचा एक आकडा खेळ गुप्तपणे राखत आला आहे. तो शून्यापासून २५५ पर्यंत जातो. बरोबर चालत राहिले की वाढतो, झुंजीत जीव मूर्च्छित पडला की घटतो. दुकानात काही कडू वनौषधी मिळतात. त्या स्वस्त आणि गुणकारी, पण पाजल्या की हा आकडा उतरतो. मुलाला बळेच काढा पाजणाऱ्या कोणत्याही घराला हा नियम समजावून सांगावा लागणार नाही. काही जीवांचे रूपांतर केवळ स्नेह वाढल्यावरच होते. 'रिटर्न' नावाच्या प्रहाराचे बळ स्नेहाबरोबर वाढते आणि 'फ्रस्ट्रेशन' नावाच्या प्रहाराचे स्नेह आटल्यावर. दोहोंची परमावधी सारखीच, १०२. प्रेमातून येणारे बळ आणि कडवटपणातून येणारे बळ शेवटी एकाच मापाचे, ही कल्पना एखाद्या गंभीर लेखकाला सुचावी इतकी अर्थगर्भ आहे.

इतके सगळे हाताशी असताना एनचे ते वाक्य मात्र आकड्याकडे पाहतच नाही. पहिला सोबती प्रेमाने वाढवलेला असो की सबंध प्रवासभर मूर्च्छित पाडलेला, कडू औषधे पाजलेला आणि अखेर पेटीत टाकून विसरलेला असो. एन तेच सांगतो की तू त्याला आवडतोस. न्यायालयात साक्षीदार उभा आहे, पुरावाही बाजूच्या खोलीत आहे, पण साक्ष आधीच लिहून ठेवलेली आहे. ज्याने प्रेमाने सांभाळले त्याला हे वाक्य हवे तसे सुखावत नाही, कारण ते त्याने कमावलेले नसते. ज्याने सांभाळले नाही त्याला ते टोचत नाही. एका उत्कृष्ट कथेचा कळस असा दोन्हीकडून पोकळ राहतो.

तिसरी संधी सत्य आणि आदर्श यांच्या द्वंद्वाची. कथेत दोन प्राचीन ड्रॅगन आहेत : सत्याचा शुभ्र रेशिराम आणि आदर्शांचा कृष्णवर्ण झेक्रोम. एक नायकाचा, एक एनचा. तत्त्वचर्चेला किती उत्तम भूमी! परंतु कोणाच्या वाट्याला काय यावे हे आपल्या वर्तनावर अवलंबून नाही. 'ब्लॅक' घेतला तर सत्य आपले आणि आदर्श एनचे. 'व्हाइट' घेतला तर उलट. एनचे बोलणे, त्याचा ध्यास, त्याचे दुःख दोन्हीकडे सारखेच असते. तरी एकीकडे तो आदर्शांचा आणि दुसरीकडे सत्याचा पाईक ठरतो. ज्या द्वंद्वाचा निवाडा दुकानदाराच्या फळीवर होतो, त्याची धार खेळताना कशी लागावी? दोन आवृत्त्या ही १९९६ मधील देवाणघेवाणीची जिवंत कल्पना होती. येथे मात्र तिने कथेच्या विचारालाच दोन वेष्टनांत बांधून टाकले आहे.

आणि कळसाच्या क्षणी तर कथा स्वतःच्याच प्रश्नाला अडखळते. एनच्या राजवाड्यात आपला ड्रॅगन जागा होतो. मुक्तीच्या वादात तो नायकाच्या बाजूने उभा राहणार, म्हणून आपण श्वास रोखून पाहतो. पण त्याला नुसते बरोबर घेता येत नाही. त्याच्याशी झुंज द्यावी लागते आणि त्याला चेंडूत पकडावेच लागते. त्यावाचून कथा पुढे सरकत नाही. पकडणे न्याय्य आहे काय, या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी पकडण्याची सक्ती केली जाते. त्यानंतर गेट्सिस आपले खरे रूप प्रकट करतो : इतर सर्वांनी जीव सोडून द्यावेत आणि ते केवळ आपल्याजवळ असावेत, हा त्याचा कावा. तो हरतो आणि त्याच्याबरोबर प्रश्नही हरल्यासारखा होतो. वक्ता लबाड निघाला म्हणून त्याने विचारलेला प्रश्न खोटा ठरत नाही, हे तर्कशास्त्राचे पहिल्या इयत्तेतले सूत्र येथे विसरले गेले आहे.

हे सगळे करणे त्या काळी शक्य नव्हते, असा बचाव कोणी करील. तो टिकत नाही. २७ सप्टेंबर १९९२ रोजी निघालेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट' मालिकेच्या पाचव्या खेळात झुंज संपल्यावर हरलेला एखादा राक्षस उठून बसतो आणि बरोबर येण्याच्या इच्छेने आपल्याकडे पाहू लागतो. घ्यायचे की नाही हे आपण ठरवायचे; पण पहिले पाऊल त्याचे. चेंडू नाही, कोंडणे नाही. त्याच वर्षीच्या 'शिन मेगामी टेन्सेई' या खेळात पिशाच्चांशी बोलणी करून, कधी पैसे देऊन, कधी समजूत घालून त्यांना आपल्या बाजूला वळवावे लागते. आणि आपल्या वर्तनाचा कल एका बाजूला झुकला की विरुद्ध बाजूची पिशाच्चे आपल्या हाकेला येत नाहीत. संमती आणि नकार या दोन गोष्टी नियमांत बसवणे १९९२ मध्ये साधले होते, मग २०१० मध्ये का साधू नये?

दूर जाण्याचीही गरज नाही. त्याच घरात एक वस्तू पडून होती. २००२ च्या 'रूबी' व 'सफायर' या आवृत्त्यांत पाणी ओलांडण्यासाठी आवश्यक असलेला शेवटचा जीव मुक्त करू गेले तर तो थोड्या वेळाने परत येतो, आणि त्याला आपली काळजी वाटली असावी असे खेळ सुचवतो. खरे कारण व्यावहारिक : खेळाडू बेटावर अडकून पडू नये. पण त्या व्यावहारिक नियमाला मायेचे वस्त्र नेसवण्याची बुद्धी कोणाला तरी झाली होती. तोच नियम आठ वर्षांनी पुढे नेला असता, स्नेहाचा आकडा मोठा असलेला जीव मुक्त केल्यावर दुसऱ्या दिवशी दाराशी उभा राहिला असता आणि आकडा लहान असलेला वळूनही न पाहता गवतात निघून गेला असता, तर एनच्या प्रश्नाला खेळाने प्रामाणिक उत्तर दिले असते. तेही प्रत्येकाला त्याच्या वागणुकीप्रमाणे निराळे.

दुसरा बचाव असा की हा मुलांचा खेळ. त्यात मुलांना अपराधी वाटायला लावू नये. या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी ते हसण्यावारी नेत नाही. मला सुचणारी दुरुस्ती म्हणूनच लहान आहे. मुलांना शिक्षा नको, कथेचा दुःखान्त नको. एनने बोलण्याआधी त्या एका आकड्याकडे पाहावे, एवढेच. आकडा मोठा असेल तर आज आहे तेच वाक्य. लहान असेल तर त्याने क्षणभर थांबावे, काही न सांगता मान वळवावी आणि निघून जावे. ते मौन मुलाला पुरेसे कळले असते. 'अंडरटेल' या २०१५ च्या छोट्याशा खेळाने अशी गोष्ट करून दाखवली : तेथे प्रत्येक शत्रूला मारता येते किंवा सोडता येते, आणि खेळ दोन्ही लक्षात ठेवतो. तो खेळ लहानथोरांनी डोक्यावर घेतला. मुले विचाराला भीत नाहीत. आपण त्यांच्या वतीने भितो.

तिसरा बचाव व्यापाराचा. गोळा करणे हाच ज्याचा प्राण, त्या मालिकेने सोडून देण्याला महत्त्व कसे द्यावे? 'ब्लॅक' व 'व्हाइट' यांच्या मिळून दीड कोटींहून अधिक प्रती खपल्या, हे खरे. परंतु दाराशी परत आलेला जीव संग्रह उणा करीत नाही, उलट त्याला अर्थ देतो. ताजिरींचा बालपणीचा छंद आठवावा. किडे पकडणाऱ्या मुलाला संध्याकाळी झाकण उघडून ते सोडून देण्याची घटकाही ठाऊक असते. पकडण्याचा आनंद तिच्यावाचून पुरा होत नाही. मालिकेने त्या दिवसाचा पूर्वार्ध अमर केला. उत्तरार्ध मागे राहिला.

टीका करताना गुणांकडे डोळेझाक नको. एनच्या राजवाड्यात त्याची खोली आहे. ज्याला लोक राजा म्हणतात त्याच्या त्या खोलीत खेळण्यातली आगगाडी आहे, चेंडू टाकायची जाळी आहे आणि मोडक्या खेळण्यासारखे वाजणारे संगीत आहे. एकही पात्र तेथे बोलत नाही. तरी हा मुलगा कसा कोंडून वाढवला गेला हे लख्ख दिसते. कोंडलेला जीव कोणता, हे त्या खोलीइतके कोणत्याही भाषणाने सांगितलेले नाही. २०१२ च्या उत्तरभागात गेट्सिसच्या हायड्रायगन या जीवाला 'फ्रस्ट्रेशन' हा प्रहार येतो. स्नेह आटल्यावरच बळावणारा तो प्रहार त्याच्या तोंडी ठेवून नियमांनी शब्दावाचून धन्याचे चारित्र्य उघडे पाडले आहे. म्हणजे या मंडळींना नियमांतून बोलण्याची कला अवगत होती. म्हणूनच एनच्या त्या एका वाक्यापाशी ती वापरली गेली नाही याची हळहळ वाटते. अडाण्याच्या चुकीविषयी आपण लिहीत बसत नाही.

भाऊबीज झाली आणि नातवाची परतीची तयारी सुरू झाली. पिशवीत यंत्र ठेवताना मी त्याला विचारले, "पुन्हा सोडशील का रे एखाद्याला?"

तो म्हणाला, "नाही आजोबा. सोडून काही होत नाही."

कथेने त्याला जे सांगू पाहिले ते हे नव्हते. पण तो शिकला ते नियमांकडून.